झुंबरबाईच्या पाटावर भिकुबाई

चोपड्यात मेलेल्या बायांच्या वाटचं जेवायला भिकुबाईसारखं माणूस दुसरं नव्हतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरायची, वर्षभरात गेलेल्याच्या नावानं कुणाला तरी ‘पितर’ म्हणून पाटावर बसवायचं आणि गेलेल्याला आवडायचं ते त्याला पोटभर वाढायचं, ही इकडची रीत. पितर ‘भरलं’ म्हणाला की मेलेलं माणूस तृप्त. तोवर घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही. बाकीच्या बाया दुसऱ्या पोळीलाच भरलं म्हणून उठत, कारण पुढं आणखी दोन घरं असत. भिकुबाई एका आखाजीला एकच घर घ्यायची आणि खरोखर भरल्याशिवाय भरलं म्हणायची नाही. बाई हाडकुळी, पण पाटावर बसली की यजमानीण पिठाचा डबा उघडून बघायची.

पोटातलं तिला कळायचंही. तरुणपणी नवरा गेल्यावर तिनं जळगावला एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं काढली होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा तिला समजावलं होतं, की नुसतं पोट फुगून भागत नाही. आतडी रक्तात रस सोडतात, त्याला हार्मोन म्हणतात, आणि ते डोक्याला जाऊन सांगतात, बास. डाळ गेली, तेल-तूप गेलं, की निरोप ठळक जातो; पोचायला पाव तास तरी लागतो. नुसतं गोड-पातळ सरसर पुढं निघून जातं, त्याचा निरोप पुसट. भिकुबाईनं यातून आपल्यापुरतं एवढंच घेतलं, की आपल्या आत आपल्याला न विचारता कुणीतरी बोलत असतं. तेव्हापासून ती जेवताना मध्येच हात थांबवून कान दिल्यासारखी बसायची. लोक हसायचे. जरा लांबून.

एकोणनव्वदच्या आखाजीला ती रुपचंदच्या घरी बसली. त्याची आई झुंबरबाई माघात गेली होती, पाच महिने अंथरुणावर काढून. पानात साबुदाण्याची पातळ खीर, साखरपाण्यात भिजवलेली बिस्किटं आणि आमरस. रुपचंदची बायको पुष्पाबाई म्हणाली, सासूबाईंना हेच फार आवडायचं, वाटी संपली की लगेच दुसरी मागायच्या, दिवसातून दहादा. माय शेवटी हावरी झाली होती, असं रुपचंद म्हणाला आणि थोडा हसला.

भिकुबाई जेवू लागली. तीन वाट्या झाल्या, पाच झाल्या. बाहेर ऊन असं, की गल्लीत कावळासुद्धा नव्हता. घागरीजवळचा दिवा वारा नसताना एका बाजूला कलला होता. भिकुबाईनं हात थांबवून आत कान दिला. काहीच नाही. पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, आणि त्याच्या आत कुठंतरी विहिरीएवढी भूक.

सातव्या वाटीनंतर तिचा हात आपोआप पुढं गेला. त्या हातानं अंगठा वाटीत बुडवून ती दोनदा फरशीवर आपटली. पुष्पाबाईच्या हातून पळी सुटली. सासू अशीच मागायची. भिकुबाईनं झुंबरबाईला आजारपणात एकदाही पाहिलं नव्हतं. ती आपल्याच हाताकडं परक्याच्या हाताकडं बघावं तशी बघत राहिली, आणि मग तिला आतून समजलं.

“पुष्पा,” ती हळू म्हणाली, “तिले हाई आवडे नही वं. तिन्हं पोट भरे नही.”

रुपचंद डॉक्टरवर घसरला. डॉक्टरनंच हलकं द्यायला सांगितलं होतं, असं म्हणाला. किती दिवस, हे भिकुबाईनं विचारलं. आठ दिवस, असं पुष्पाबाईनं जमिनीकडं बघत सांगितलं. आठ दिवसांचे पाच महिने झाले, तरी डॉक्टरला पुन्हा विचारायला कुणी गेलंच नाही. म्हातारी मागून मागून खात होती, म्हणजे तिला मानवतंय, असंच सगळ्यांनी धरलं.

पुष्पाबाई उठली. तिनं चूल पेटवली, उडदाची डाळ घोटली, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतलं, ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी थापली. तासाभरानं दुसरं पान वाढलं. भिकुबाईनं त्या ताणलेल्या पोटात अर्धी भाकरी हळूहळू चावून उतरवली. उरलेली अर्धी तशीच ठेवून ती डोळे मिटून बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रुपचंद तिच्या तोंडाकडं बघत होता. मग भिकुबाईच्या कपाळावरची शीर सैल पडली, खांदे खाली आले. निरोप पोचला होता.

तिला नेहमीसारखं ‘भरलं’ एवढंच म्हणायचं होतं. ती अजूनही शपथेवर तेच सांगते. रुपचंदला ती कायम रुपचंदभाऊ म्हणत आलेली.

“रुप्या,” तिच्या तोंडून आलं, “भरनं रे मन्हं पोट. आते तू जेवी ले.”

रुपचंदला रुप्या फक्त माय म्हणायची. त्यानं ताट आपल्याकडं ओढलं आणि उरलेली अर्धी भाकरी डाळीत कुस्करून, मान खाली घालून, खाऊ लागला.