झारचं पदक आणि दोन व्याही

ती घटना आजही आठवते आणि एकटा असलो तरी मला हसू येतं. पोलिसाच्या आठवणींत हसण्यासारखं फार नसतं, म्हणून ही एक मी जपून ठेवली आहे.

छत्तीसगड राज्य होऊन काही वर्षं झाली होती. भिलाईच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. इथे त्याला टीआय म्हणतात. सकाळची हजेरी झाली होती, गस्तीचे रिपोर्ट ऐकून झाले होते. तेवढ्यात वैशाली नगरातले एक गृहस्थ आले. पोलाद कारखान्यातून निवृत्त, मूळचे विदर्भातले, घर बौद्ध. नाव कोणाचंच सांगणार नाही. यांना मी वैशाली नगरचे काका म्हणेन.

"साहेब, चोरी झाली. चोर कोण तेही सांगतो."

"कोण?"

"माझा व्याही. म्हणजे, अजून व्हायचा आहे."

त्यांच्या मुलाचं लग्न त्याच आठवड्यात होतं. नवरी मरोद्याची, तिचे वडील रेल्वेतून निवृत्त, त्यांना मरोदेकर म्हणू. दोन्ही बापांची मैत्री फार जुनी आणि तीही एका विचित्र नादातून झालेली. दोघांना जुनी लष्करी पदकं जमवायचा छंद होता. काकांकडे रशियाच्या झारच्या काळातली, मरोदेकरांकडे जर्मन कैसरच्या काळातली. रविवारी दोघं भिंग घेऊन बसायचे आणि एकमेकांची पदकं खरी की खोटी यावर भांडायचे. त्यातच पोरांचं जमलं.

काकांनी हातातल्या रुमालाची गाठ सोडली. आत एक लखलखीत पदक होतं, त्यावर दोन झारांचे चेहरे.

"झारच्या घराण्याला तीनशे वर्षं झाली तेव्हाचं हे ब्राँझचं पदक. कारखाना उभा राहत होता तेव्हा एका रशियन इंजिनिअरने माझ्या वडिलांना दिलं. वडिलांच्या फोटोखाली असायचं. रंग कसा, गडद तपकिरी! जुन्या ब्राँझची ओळखच ती. आता हे पाहा. कालच ओतल्यासारखं. कोणीतरी माझं नेलं आणि ही नक्कल ठेवली."

"मरोदेकरच कशावरून?"

"मी दुर्गला पत्रिका वाटायला गेलो होतो. तो एकटाच येऊन बसला होता. भिलाईत या वस्तूची किंमत कळणारे दोघंच. एक मी, दुसरा तो."

माझे हवालदार छत्तीसगडी, फार शांत माणूस. त्यांनी काकांच्या पिशवीतल्या उरलेल्या पत्रिकांकडे पाहिलं आणि विचारलं, "साहब, एफआईआर के साथ शादी का कार्ड भी नत्थी कर दूँ क्या?"

मी लेखी अर्ज घेतला, पदक ठेवून घेतलं, रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिनीत, नोंद केली आणि एफआयआर थांबवून आधी चौकशी करायची ठरवली. एकदा आरोपीच्या रकान्यात नवरीच्या बापाचं नाव गेलं की लग्न मोडलंच. निर्दोष सुटला तरी मोडलेलं जुळत नाही.

दुपारी जामुलच्या एका खबऱ्याचा निरोप आला. मरोद्याचा एक म्हातारा तिथल्या सोनाराकडे परदेशी बिल्ला घेऊन आला होता आणि कोणाला सांगू नका म्हणाला होता. आता मलाही शंका येऊ लागली.

मरोदेकरांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मागोमाग स्कूटीवर त्यांची मुलगी. तिला बाहेर बसवलं.

"सोनाराकडे कशाला गेला होता?"

"ते आत्ता नाही सांगत साहेब. लग्नात कळेल."

"लग्न होईल की नाही तेच तुमच्या उत्तरावर आहे."

सराईत माणूस लगेच काहीतरी रचून सांगतो. हे नुसते बुटांकडे पाहत राहिले. शेवटी मी रुमाल उघडून पदक पुढे ठेवलं. त्यांचा चेहराच बदलला. खिशातून भिंग काढलं, पदक खिडकीकडे नेलं, वरची अडकवायची कडी थोडी सरकवली आणि हसले.

"साहेब, हे खरं आहे. त्याचंच आहे. कडी सरकवली की खाली पाहा, जुना तपकिरी रंग शिल्लक आहे. कोणीतरी याला घासलंय हो! काय हा अत्याचार!"

मी पेचात पडलो. ज्याच्यावर आळ, तोच, फिर्यादी सोडला तर, अख्ख्या गावातला एकमेव तज्ज्ञ. त्याचं मत कागदावर घ्यायचं तरी कसं? काकांना फोन केला, तर ते म्हणाले, "कडीखाली रंग लावता येतो. आणि तसा लावायचं कसब त्याच्याकडेच आहे."

बाहेर आलो तर मुलगी उभी. "सर, पप्पांना आत ठेवताय की घरी सोडताय? कल मेरी मेहंदी है. पप्पा चोर असतील तर मी स्वतः लग्न मोडते. नसतील तर काकांनी माझ्यासमोर सॉरी म्हणायचं. पण आज सांगा. उगाच हात रंगवून नाही बसायचं मला."

मला ती पोरगी आवडली. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. लहान गावच्या शाळेत आमच्या गुरुजींनी एक शिकवलं होतं, उत्तर अडलं की प्रश्न परत वाच. मी प्रश्न परत वाचला. मी विचारत होतो, पदक कोणी नेलं? मरोदेकर सांगत होते, कोणीतरी घासलं. मग घासणारा हात शोधायला हवा.

हवालदारांना आणि बापलेकीला जीपमध्ये घेऊन वैशाली नगरला गेलो. दारात मांडव, ओट्यावर पितळेची भांडी उन्हात वाळत घातलेली, बुद्धाची पितळी मूर्ती तर डोळे दिपवत होती. व्याह्याला पाहताच काकांनी तोंड फिरवलं. मी घरातल्या सगळ्यांना बोलावलं आणि एवढंच विचारलं, "लग्नाची साफसफाई कोणी केली?"

काकांची मोठी बहीण वर्ध्याहून आली होती. ती पदर खोचून पुढे आली.

"मीनं केली. कावून जी, काय झालं?"

"फोटोखालचं पदकही?"

"हाव तं! बाबाच्या फोटोखाली काळाकुट्ट बिल्ला. लग्नाच्या घरात असं ठेवतेत का? चिच लावली, राख लावली, असा घासला का बाप्पा, आरसा झाला! मी तं वाट पाहून राहिली होती, का हा म्हणंल, अक्का, काय चमकवलं! पण याचं तोंड तवापासून एरंडेल पेल्यावानी."

काका पांढरे पडले. "अक्का, तू सांगितलं का नाही?"

"मले कोणी इचारलं? तू तं फोनवर चोरी चोरी करून राहिला होता. मले वाटलं पैसे गेले. अन् बाबा काय तुझाच होता? माझा नोता?"

काकांनी भिंग लावलं. बराच वेळ पदक फिरवत होते. मग त्यांचा हात थांबला.

"झारच्या दाढीत चिंचेचा धागा आहे," ते हळू म्हणाले.

आधी हवालदार हसले. मग मुलगी. मग मांडवातले आचारीसुद्धा.

"बाकीचे कुठी हायेत?" अक्का उत्साहाने म्हणाली. "आण, आत्ताच चमकवून टाकू." काकांनी झटकन कपाटाची किल्ली मुठीत धरली.

मरोदेकरांनी आता खिशातून एक पुडी काढली. चांदीच्या चौकटीत बसवलेला काळा जर्मन क्रॉस. त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात आफ्रिकेत शिपाई होते, तिथून त्यांनी आणलेला. सोनाराकडे गेले होते ते या चौकटीसाठी.

"लग्नात देणार होतो तुले. आता घेच. नाहीतर टीआय साहेब जप्त करतील."

काकांनी क्रॉस ओंजळीत घेतला. पण सवय मोठी वाईट. त्यांचा हात खिशात गेला, लोहचुंबक बाहेर आलं आणि मध्येच थांबलं. खऱ्या क्रॉसचा गाभा लोखंडाचा असतो, एवढं मला तोवर कळलं होतं.

"लाव न बे," मरोदेकर म्हणाले. "त्यात लाजायचं काय?"

चुंबक टक्कन चिकटलं. काकांनी व्याह्याला मिठी मारली, मग मुलीपुढे हात जोडले. "चुकलो बेटा. सॉरी." तिने ते हात खाली घेतले आणि म्हणाली, "ठीक है काका, आता मेहंदीवाल्या ताईला हो म्हणून सांगते."

अर्ज मागे घेतला गेला. रोजनामच्यात मी लिहिलं, चोरी झालेली नाही, वस्तू मूळ मालकाकडेच आहे. लग्नाला आम्ही सगळे गेलो, हवालदार पत्नीला घेऊन आले आणि अक्काने मला आग्रह करकरून वाढलं.

या प्रकरणाने मला नोकरीभर पुरेल असं एक शिकवलं. ते दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या पदकांवर शंका घेत आले, आणि मैत्री वाढतच गेली, कारण ती शंका समोरासमोर होती, दुसऱ्याच्या हातात भिंग देऊन घेतलेली. माणसावर शंका आली तेव्हा मात्र काका भिंग घरी ठेवून थेट ठाण्यात आले. पुढे जेव्हा जेव्हा कोणी आपल्याच माणसाचं नाव घेऊन माझ्या टेबलापुढे बसलं, तेव्हा मी आधी पाणी दिलं आणि विचारलं, "त्यांना विचारलंत का?" पुष्कळांनी विचारलेलं नसायचं. त्यातले काही पाणी पिऊन उठायचे आणि घरी जायचे. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पण परत आले नाहीत, यातच मला समाधान आहे.