खोकून खोली पाहणारा

घरच्या खोलीत मी जाहिरातींसाठी आवाज रेकॉर्ड करतो. आवाज घुमतो म्हणून दोनदा काम परत आलं. भिंतींना फोम लावून थकलो, तेव्हा आवाज शोषायला सांगलीच्या हळदीच्या पेठेतून रिकामी पोती मागवली. ती घेऊन आलेला म्हातारा हमाल, पोती कशाला हवीत ते ऐकून, दारातच थांबला. डोळे मिटून एकदा खोकला आणि कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडे त्याने बोट केलं.

"आवाज तितनं फिरून येतोय, सायेब."

"कसं कळलं?"

"गोडाऊनात किती पोती ऱ्हायली, ते आमी दारातनं असंच बघतो."

पोत्यांत जुने कपडे कोंबून आम्ही तो कोपरा भरला. तो पुन्हा खोकला. खोली गप्प राहिली.

माइक चालूच होता. ते दोन खोकले मी अजून पुसलेले नाहीत.