ट्रंपेटची मोकळी जागा

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी तिच्या बापाने, बाळ्याने, सकाळीच पाठवलेल्या लग्नपत्रिकेचा फोटो मोठा करून बघत होतो. नवरा कोण, नवरी कोण, आम्हाला दोघांशीही देणंघेणं नव्हतं. खाली बाळ्याने लिहिलं होतं, 'पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार. इगतपुरी. पंडितमास्तर. डबा मी आणतो.' आणि पल्लवी सांगत होती, "काका, बाबा गेले... चहा घेता घेता." मी काय म्हणावं? "अगं, पण आत्ता तर त्याची पत्रिका आली." एवढी वर्षं मैत्री करून ऐन वेळी माणसाच्या तोंडून असलं काहीतरी निघतं. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

बाळ्या म्हणजे बाळकृष्ण, माझा शाळेपासूनचा मित्र. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी केली, पण जीव सगळा मनमाडकडच्या एका लग्नाच्या बँडमध्ये. माझाही. बँडचं नाव लिहीत नाही, कारण नावावरूनसुद्धा पुढे भांडणं झाली. पंडितमास्तर क्लॅरनेटवर, दगडूमास्तर ट्रंपेटवर. क्लॅरनेटने विचारायचं आणि ट्रंपेटने उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर असं की रस्त्यावरचा भाजीवाला तराजू खाली ठेवायचा. त्यासाठी आम्ही कुणाच्याही लग्नाला बिनबोलावता जायचो. बाळ्याच्या स्कूटरच्या डिकीत दोन गुलाबी फेटे असत. ते चढवले की वरपक्षाला आम्ही वधूपक्षाचे वाटायचो आणि वधूपक्षाला वरपक्षाचे. नियम एकच, मांडवात जेवायचं नाही. "ऐकायला आलोय, गिळायला नाय," असं म्हणून बाळ्या त्याच्या बायकोने, मंदावहिनींनी, दिलेला पोळीभाजीचा डबा रस्त्याकडेच्या झाडाखाली उघडायचा.

मग मास्तर फुटले. गाडीवर कुणाचं नाव वर यावरून, असं कुणी म्हणे; खरं काय ते आम्हाला कधी कळलं नाही. दोघांनी दोन बँड काढले. पंडितमास्तरांनी दुसरा ट्रंपेटवाला घेतलाच नाही. उत्तराची वेळ आली की ते नुसते थांबायचे, मागे ताशा चालू राहायचा, आणि त्या मोकळ्या जागेत बाळ्या गर्दीतून दगडूमास्तरांचं उत्तर तोंडाने भरायचा. गाडीच्या अगदी जवळ जाऊन, ओठ मिटून. मला लाज वाटायची, कधी कधी चीड यायची. "लोकांचं भांडण तुझ्या जिवाला का लागलंय?" म्हटलं, तर म्हणाला, "नान्या, आपल्याला ऐकायला किती वर्षं उरलीत ते बघ की."

पल्लवीच्या लग्नात तर त्याने कहरच केला. बँड वरपक्षाचा असतो, पण याने हट्टाने तो स्वतःकडे घेतला आणि एकाला न सांगता दुसऱ्यालाही सुपारी दिली. समोरासमोर आले की वाजवतील, हा बेत. मारुतीच्या देवळाच्या दोन अंगांना दोन गाड्या लागल्या. एकमेकांना न बघता दोघांनी सूर लावून पाहिला आणि दहाएक सेकंद ते एकत्र वाजले. मग गाड्या पुढे सरकल्या, नजरानजर झाली आणि दोन्ही बँड आल्या पावली परत गेले. नवरदेव मोबाइलच्या गाण्यावर मांडवात आला. पल्लवी सहा महिने माहेरी फिरकली नाही. बाळ्या मात्र शेवटपर्यंत त्या दहा सेकंदांवर जगला. मी नेमका तेव्हा हार आणायला गेलो होतो... याची रुखरुख अजून जात नाही.

दहाव्याला गोदाघाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. आईला सांभाळू असं जावयाने सांगून पाहिलं. लग्नातला राग सोडला, असं पल्लवी म्हणाली. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. मी असल्या गोष्टी मानत नाही, तरी पुढे झालो आणि बोलून बसलो, "बाळ्या, दोघांना एकत्र वाजवायला लावतो. माझ्यावर सोड." वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्याने भात उचलला. पल्लवी रडता रडता हसली. "काका, अडकलात तुम्ही."

अडकलोच. मनमाडला दगडूमास्तरांच्या घरी गेलो. बाळ्या गेल्याचं ऐकून त्यांनी डोळे पुसले, चहा पाजला, आणि मग कितीतरी वेळ ट्रंपेटवरून फडकं फिरवत राहिले. "बाळूभाऊ लय भला माणूस. पण आधी पंड्यानं यावं. मी नाय जाणार." मी परत आलो. कावळ्याला भूक लागली होती, एवढंच, असं रोज स्वतःला बजावतो. पण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत कुणाकडे मागायचा?

मग तो इगतपुरीचा रविवार आला. पल्लवीने स्कूटर मलाच दिली आहे. डिकीतून एक फेटा काढला, दुसरा तिथेच राहिला. वरात निघाली, पंडितमास्तरांनी ओळ घेतली, ते थांबले. ताशा चालू. कुणी उत्तर दिलं नाही. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा थांबले, आणि या खेपेला मान वळवून गर्दीत शोधलं. तिसऱ्यांदा मीच तोंड उघडलं. माझा आवाज इतका बेसूर लागला की नवरदेवाची आई दचकली. वरात मांडवात शिरल्यावर मास्तर माझ्यापाशी आले. "भाऊ कुठंयत?" मी सांगितलं. ते गाडीच्या पायरीवर बसले. म्हणाले, "मग आता ते कोण भरणार?"

"ज्याचं आहे त्याने," मी म्हटलं.

आता पुन्हा तेच ऐकायचं, आधी त्यानं यावं, अशी मी मनाची तयारी केली. पण ते क्लॅरनेट मांडीवर घेऊन पुसायला लागले. मी डबा घेऊन झाडाखाली गेलो. मंदावहिनींनी सवयीने दोघांचा दिला होता. मी घास तोडतोय तोवर मास्तर क्लॅरनेट काखेत धरून आले, समोर मांडी घालून बसले, बाळ्याच्या वाटणीची पोळी उचलली आणि खाली बघत विचारलं, "दगड्या घरी कधी असतो?"