ऐसपैस सर

आमच्या सरांच्या ड्रॉइंगमध्ये सामान कमी आणि मोकळं रान जास्त दिसे. बालाघाटला राइस मिलसाठी कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपात ते कॉम्प्युटरवर इलेक्ट्रिकची ड्रॉइंग करत. मी त्यांच्या हाताखाली शिकत होते. सॉफ्टवेअरमध्ये अंतराचा आकडा एकदा भरला की सगळं सामान तेवढ्या अंतरावर बसतं. सरांचा आकडा इतरांच्या दुप्पट असे. म्हणून आम्ही त्यांना ऐसपैस सर म्हणायचो.

"एवढी जागा काहून सोडता, सर?" मी विचारलं होतं.

"दाटीवाटीत माणूस चुकते, पोरी."

मला ते मोठं तत्त्वज्ञान वाटलं. इतरांचं दोन पानांत उरके तिथे त्यांना चार लागत. मालक म्हणत, "सर, कागज़ खेत में उगता है क्या?" सर हसत आणि चष्मा पुसत बसत.

एकदा मालक त्यांना गिऱ्हाइकासमोर बोलले. मला फार वाईट वाटलं. सर जेवायला गेले तेव्हा मी तो आकडा अर्धा करून टाकला. त्यांना बोलणी खावी लागू नयेत, एवढंच मनात होतं. त्यांना सांगितलं मात्र नाही. त्यांना वाटलं, मालकांनीच करवलं असेल. ते मुकाट्याने त्यावरच काम करत राहिले.

आठवड्याने पॅनेल तपासताना बंद करायचं बटण दाबलं, तरी मोटर चालूच राहिली. ड्रॉइंगच्या दाटीत वायर चुकून शेजारच्या रिलेला, म्हणजे भलत्याच स्विचला जोडली होती. मालकांनी कागद पुढे केला, "पढ़िए." सरांनी तो नाकाशी धरला, खिडकीकडे नेला, पण त्यांना वाचता आलं नाही. सगळे बघत होते. त्यांच्या डोळ्यांच्या नसा दोन वर्षांपासून सुकत होत्या आणि कामावरून काढतील म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"आकडा मी बदलला," मी म्हणाले.

"किसी ने भी बदला हो," मालक म्हणाले, "दिखना तो चाहिए."

ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्याच शनिवारी सरांचं काम सुटलं. ते कटंगीला भावाकडे जायला निघाले, तेव्हा मी बसस्टँडवर गेले. माफी मागायची होती, पण मला रडूच कोसळलं.

"रडू नको. लपवून लपवून मीच थकलो होतो," ते म्हणाले. मग समोर उभ्या असलेल्या बसकडे बोट करून, आजूबाजूला कोण आहे हे न बघता त्यांनी मोठ्याने विचारलं, "पोरी, पाटीवर काय लिहून आहे? मले दिसत नाही."

मी पाटी वाचून दाखवली.