तिच्या कॉम्प्युटरचा बायोस

बायको गेली आणि तिचं भरतकामाचं मशीन घरात तसंच राहिलं. सुनेनं ठरवलं, हे काम आपण पुढं चालवायचं. पण त्याला जोडलेला कॉम्प्युटर म्हातारा, एक डिझाइन उघडायला तास लावायचा. मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. चाकणच्या कंपनीत मशीनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला.

जास्त ताकदीचा प्रोसेसर आणला. तो ओळखायला आधी बायोस नवा टाकावा लागतो. बायोस म्हणजे बोर्डावरच्या एका चिपमधला पहिला प्रोग्राम, तोच कॉम्प्युटरला जागं करतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत माणूस ओरडून सांगत होता, मध्ये वीज जाऊ देऊ नका. मी ऐकलं, आणि काम काढलं गुरुवारी. इकडं कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून घरातली दुरुस्ती गुरुवारीच. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. पण वीजवालेही तारांच्या कामाला गुरुवारच धरतात. निम्म्यावर वीज गेली. परत आली तेव्हा पंखा फिरत होता आणि स्क्रीन काळी.

डबा उचलून चिंचवडला दुरुस्तीवाल्याकडं नेला.

"काका, गुरुवारी? आख्ख्या पिंपरीत असं कुणी करत न्हाई!"

"शिव्या नंतर दे. उठंल का हे?"

"नवा बोर्ड घ्या ना राव. डिस्क चांगली हाय, फायली जागेवर हायेत."

फायली होत्या, पण त्या उघडणारं सॉफ्टवेअर याच बोर्डाचा नंबर बघून चालायचं. ते बनवणारे धंदा गुंडाळून गेले. दुसऱ्या बोर्डावर ते चालणार नाही, म्हणजे बायकोनं केलेलं एकूण एक डिझाइन आतच कोंडलेलं राहणार. हे सांगितल्यावर त्यानं डबा उघडून बोर्ड बघितला.

मग म्हणाला, नंबर त्याच चिपमध्ये असतो. इंटरनेटवरची फाइल सरळ भरली तर बोर्ड उठेल, पण नंबर पुसला जाईल. आधी चिपच्या पायांना वाचायच्या यंत्राचा चिमटा लावून आत उरलंय ते वाचायचं, नंबर काढून नव्या फायलीत बसवायचा, मग भरायचं.

"चिमटा उलटा लागला तर चिप जळंल. मग मला बोलायचं न्हाई."

"न्हाई बोलणार. लाव."

दोनदा वाचलं तर दोन्ही वेळा सारखंच यायला हवं. आलं नाही. पुन्हा केलं, तरी नाही.

"सोडा काका. चिपच्या पायांना गंज चढलाय."

"सोडा म्हणू नको. पुसून घे."

त्यानं स्पिरिटनं पाय पुसले. चिमटा मी बोटांनी दाबून धरला.

"हलू नका."

"हलतोय कोण? तू तुझं बघ."

या वेळी जुळलं. नंबर शाबूत होता. त्यानं तो नव्या फायलीत बसवला, सगळं चिपमध्ये भरलं, पुन्हा वाचून ताळा केला. कॉम्प्युटर उठला. सॉफ्टवेअरही मुकाट्यानं उघडलं.

घरी सुनेनं बायकोचं शेवटचं डिझाइन उघडलं. ब्लाउजची बाही, वेल आणि कळ्या.

"मामा, दोरा कुठला लावू? आत्या असत्या तर..."

"न्हाईत त्या. रंगांचे नंबर घालून ठेवलेत बघ कडेला. वाच आणि लाव."

तिनं दोरा ओवला. सुई खालीवर व्हायला लागली. मला तिथं थांबवेना, तरी बाही पुरी होईस्तोवर थांबलो.