म्हैस आप्पांची, घरात विचारा

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. जनावर बोलत नाही, म्हणून त्याला घेऊन आलेला माणूसच बोलत सुटतो! मी निलंग्याहून किल्लारीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात पशुधन पर्यवेक्षक आहे. सकाळी पहिल्या जीपनं यायचं, ओट्यावर खुर्ची टाकायची. समोर लिंबाचं झाड, शेजारी दत्ताचं दूध संकलन केंद्र. थंडीच्या दिवसांत गाव धुक्यात बुडालेलं असतं, कॅनच्या झाकणांचे आवाज तेवढे ऐकू येतात. अर्धवट झोपेत मला वाटतं, ही सगळी माणसं मलाच स्वप्नात दिसत असावीत.

सर्वांत जास्त दिसतात ते शिवलिंग आप्पा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि दारात गंगी नावाची मुऱ्हा म्हैस. गंगी म्हणजे आप्पांचा जीव की प्राण!

*

गंगीच्या कानाला बिल्ला मारायला मी गेले होते. मोबाइलमध्ये फॉर्म भरायचा असतो.

"आप्पा, कितवं वेत?"

"थांबा हं." आप्पांनी दाराकडे तोंड केलं. "अगं, गंगीचं कितवं वेत गं?"

आतून आवाज आला, "तिसरं!"

"पेंड किती खाते?"

"घरात विचारा."

"आजारी कधी पडली होती?"

"घरात विचारा."

घरात म्हणजे सुगलाबाई, आप्पांच्या मंडळी. कोपरापर्यंत शेणाचे हात घेऊन त्या आतूनच पटापट उत्तरं देत होत्या. मी शेवटचा रकाना वाचला, "मालकाचं नाव?"

आप्पा खुर्चीत ताडकन सरळ झाले. "हे काय इचारणं झालं का बाई? माझं लिवा की!"

*

सुगलाबाई एकदा लग्नाला उदगीरला गेल्या. सून माहेरी होती, मुलगा लातूरला कामाला. घरात आप्पा आणि गंगी, दोघंच. गंगी आप्पांना कासेला हात लावू देईना. आप्पांनी डोकं चालवलं. बायकोचं हिरवं लुगडं नेसले, डोक्यावरून पदर घेतला आणि भल्या पहाटे धुक्यात धारेला बसले. गंगी फसली!

तेवढ्यात दूधवाला दत्ता रस्त्यावरून ओरडला, "काकू, आप्पा हायत का?"

आप्पांनी पदर तोंडात धरला आणि बारीक आवाज काढला, "न्हाईत. निलंग्याला गेलेत."

हे कधीच कळलं नसतं. पण सुगलाबाई परतल्यावर दत्ता त्यांना म्हणाला, "काकू, परवा तुम्हीच म्हणलात आप्पा निलंग्याला गेले म्हणून."

"परवा?" सुगलाबाई म्हणाल्या. "आरं, परवा मी उदगीरात हुते!"

पुढचे आठ दिवस गावात कुणीही आप्पांना दुसरं काही विचारलं नाही. ज्याला त्याला एकच विचारायचं होतं, "काकू, आप्पा हायत का?"

*

आता त्यांच्या सुनेबद्दल सांगते, म्हणजे रेणुकाबद्दल. तिला आठवा महिना होता. नर्सबाईंनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली होती. आत लाली नव्हतीच. "अंगात रक्त नाही, बाळंतपण जड जाईल. गोळ्या, पालेभाजी चालूच ठेवायची, शिवाय ताकदीला रोज दूध घ्यायचंच," असं त्यांनी बजावलं होतं. घरात अंडं चालत नाही, तेव्हा ताकदीला दुधाशिवाय दुसरं काय सांगणार?

एके दिवशी गंगीला बघून मी हात धुवायला आत गेले होते. आप्पांनी केंद्रावरून रिकामा कॅन आणून ठेवला होता. रेणुकानं त्यात पेलाभर पाणी ओतलं, कॅन गोल गोल हलवला आणि ते पांढुरकं पाणी चहाच्या पातेल्यात ओतलं. माझ्यासाठी आणि आप्पांसाठी वेगळा चहा होता, घट्ट दुधाचा.

"हे काय गं?"

"आमचा चहा, बाई," ती हसून म्हणाली. सासूला ती अव्वा म्हणायची. "अव्वा म्हणतात, एवढं पांढरं वाया कशाला घालवायचं?"

मी तो घट्ट चहा तसाच खाली ठेवला. नांदेडला आमच्या घरी दुधावरची साय भावांच्या ताटात पडायची, आणि ती वाढायला मला भारी आवडायचं, हे इतक्या वर्षांनी आठवलं. राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली.

*

मी आप्पांना सरळ बोलले नाही. जनावरांच्या वाटेनं गेलं की ते लवकर ऐकतात.

"आप्पा, म्हैस गाभण असली की काय काय देता हो?"

आप्पांची कळी खुलली. "सरकी पेंड, गूळ, हिरवा घास. शेवटचे दोन म्हैने धारच काढत न्हाई. पोटात रेडकू ऱ्हातंय, तिचं आंग राखाया नको का?"

"राखायलाच पाहिजे. आणि रेणुकाला?"

आप्पांनी माझ्याकडे अगदी निरागसपणे बघितलं. "का? तिला काय झालंय?"

*

आप्पांना कळलं नाही, पण आतून ऐकणाऱ्या सुगलाबाईंना कळलं. आठवड्याभरात दत्ताच्या केंद्रावर गडबड उडाली. दत्तानं दुधात डिग्री, म्हणजे पाणी पकडणारी काचेची नळी सोडली, वर काढली, पुन्हा सोडली.

"आप्पा, डिग्री बसंना. दुधात पाणी हाय."

विभूती लावलेल्या माणसाला हे चारचौघांत! आप्पा तरातरा घरी गेले. मीही मागोमाग गेले, म्हटलं भांडण पेटायला नको. सुगलाबाई शांतपणे गोवऱ्या थापत होत्या.

"हाव, मीच घातलं," त्या म्हणाल्या. "रेणुकाला रोज तांब्याभर दूध देत हुते. पर जेवढं काढलं तेवढंच पाणी घातलं. थेंबभर जास्त न्हाई! हिशोबाला मी पक्की हाय."

दुसऱ्या दिवसापासून आप्पा धारेच्या वेळी कॅन घेऊन गोठ्यात उभे राहू लागले. रेणुकाचा तांब्या बंद झाला. बाळंतपणाला दीड महिना उरला होता आणि नर्सबाई मला रस्त्यात भेटल्या की नुसत्या मान हलवायच्या.

*

आप्पा उभे राहू लागले आणि गंगीनं दूध कमी केलं. त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी तपासलं, काही दुखणं नव्हतं.

"आप्पा, ती पान्हा चोरते. परकं माणूस जवळ उभं असलं की म्हशी असं करतात."

"परकं? हितं परकं कोन हाय?"

सुगलाबाईंनी पदरात तोंड लपवलं. गंगीनं मान वळवून आप्पांकडे सावकाश बघितलं.

*

त्यानंतर दोन दिवसांची गोष्ट. धुकं इतकं होतं की लिंबाचं खोडसुद्धा दिसत नव्हतं. मी नुकतीच खुर्चीवर टेकले होते. धुक्यातून आप्पा आले, हातात दुधाचा कॅन. केंद्राकडे न वळता माझ्या ओट्यावर बसले. मफलर सोडला, परत गुंडाळला.

"बाई, स्वप्न पडलं."

"काय पडलं?"

"गंगी दारात आली. लुगडं नेसून! हिचंच, ते हिरवं. डोईवरून पदर. मी बी लुगड्यातच हुतो. मला म्हणली, काकू, आप्पा हायत का?"

मला हसू आवरेना, पण आप्पा हसत नव्हते.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणनार? सवय लागलेली. न्हाईत, म्हणलो. निलंग्याला गेलेत."

"मग?"

आप्पा बराच वेळ कॅनच्या झाकणावरून हात फिरवत राहिले. झाकणावर दव साचलं होतं.

"मग म्हणली, बरं झालं. सूनबाईला बलवा. तिच्या वाटचं आणलंय."

शेजारी दत्ता कॅन आपटत होता. आप्पा उठले, कॅन उचलला आणि केंद्राकडं पाठ करून आल्या वाटेनं घराकडे निघाले. चार पावलांत धुक्यानं त्यांना गिळलं. मला वाटलं, हे सगळं मीच डुलकीत बघितलं की काय?

पण पंधरा मिनिटांनी ते परत आले. दत्तानं त्यांचं दूध मापात ओतलं, डिग्री सोडली आणि मान डोलावली. पाणी नव्हतं. मग त्यानं माप पुन्हा बघितलं.

"आप्पा, आज आणखी कमी भरलं की! गंगी आटली का काय?"

आप्पांनी रिकामा कॅन उचलला, मफलर नीट केला आणि चालता चालता म्हणाले, "घरात विचारा."