कॅचर आणि मिरवणुकीतली घोडी

कॅचरला खुर्ची सोसत नसे. लग्नाचा मांडव असो, तहसीलचा व्हरांडा असो की चहाची टपरी, तो उकिडवाच बसायचा. बेसबॉलमध्ये बॅट्समनच्या मागे असंच बसून पिचरचा चेंडू अडवतो तो कॅचर. कॉलेजच्या सरांनी वडवणीच्या आम्हा पोरांना या खेळात ओढलं, तेव्हा मी पिचर झालो आणि तो कॅचर. पुढे त्याचं खरं नाव त्याच्या आईनंही सोडून दिलं. "आमचा कॅचऱ्या हाय का रं तिकडं?" असं ती मला विचारायची.

घरची मेंढरं होती, त्यामुळे जनावरांत वाढलेला. मैदानात कुत्रं शिरलं की बाकीचे दगड उचलत, आणि हा तोंडावरची जाळी वर सरकवून खेळ थांबवायचा. "त्याला मैदान कुठं संपतं ते म्हाईत न्हाई. आपल्याला तर हाय ना?" म्हणत कुत्र्याला चुचकारत बाहेर न्यायचा. एकदा केजला अंतिम सामन्यात समोरच्या एका खेळाडूनं गंमत म्हणून मैदानात शिरलेल्या कुत्रीच्या पायावर चेंडू मारला. ती केकाटत कोसळली. कॅचर म्हणाला, "ह्याला बाहेर काढा, तवाच मी बसतो." पंचांनी तंबी दिली, आमचेच लोक ओरडू लागले. तो उभाच राहिला. शेवटी सामना आमच्या हातून गेला. परतीच्या एसटीत त्याच्याशी कोणी अक्षर बोललं नाही. तो सीटांमधल्या वाटेत उकिडवा बसून होता, मांडीवर ती कुत्री.

पुढे शहरातल्या एका लीगनं त्याला पगारी खेळाडू म्हणून घेतलं. त्याचा संघ जिंकला, आणि गावचे पुढारी आप्पा यांनी त्याची मिरवणूक काढायचं ठरवलं. भर उन्हात डीजे लागला, जेसीबीतून फुलं उधळली गेली. कॅचरला फेटा बांधून, मिरवणुकांना घोडी भाड्यानं देणाऱ्या दगडूच्या नाचणाऱ्या घोडीजवळ आणलं. तो रिकिबीत पाय घालणार एवढ्यात थबकला. घोडीच्या तोंडाचा फेस लाल होता. त्यानं ओठ उचलून पाहिला. लगाम काटेरी होता.

तो मागे सरला. "आप्पा, मी पायी येतो. घोडी सोडा."

"चढ बे," आप्पा हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. "माझी इज्जत पायी चालवतो का?"

दगडू हात जोडून पुढे आला. "दादा, तुमी न्हाई चढला तर मला पुन्हा कोण बोलवंल?"

"तुझ्यावर माझा राग न्हाई," कॅचर म्हणाला. "पण हिचं तोंड बघ की."

गर्दी मागून रेटत होती. मी डीजेवाल्याला हात केला, तर त्यानं आवाज आणखी वाढवला. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवून घोडीच्या पायांतच टाकली. ती दोन पायांवर उभी राहिली, डांबरावर घसरली आणि धाडकन आडवी झाली. लोक वाट फुटेल तिकडे पळाले, डीजेही बंद पडला. कॅचर तिच्या डोक्याशी बसला. डोक्यावरचा फेटा काढून त्यानं तिच्या डोळ्यांवर धरला आणि लगाम सोडवू लागला. मला ओरडून म्हणाला, "पोटाचा पट्टा काप! लवकर!"

टपरीवरची सुरी आणून मी पट्टा कापला. घोडी धडपडत उठली, आणि उठताना तिचा पुढचा खूर त्याच्या उजव्या हाताच्या पंज्यावर पडला. हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. त्यानं डाव्या हातानं फेटा तसाच धरून ठेवला होता. ती उभी राहून शांत झाली, मग तो मटकन खाली बसला.

"एका घोडीपायी माझा सगळा कार्यक्रम नासवला," म्हणत आप्पा गाडीत बसून निघून गेले. दगडू मात्र बीडच्या दवाखान्यापर्यंत आमच्यासोबत आला. वाटभर तो रडत होता, कॅचर त्याची समजूत घालत होता.

हात जुळला, पण त्यात चेंडू फेकण्याचा जोर परत आला नाही. लीगनं करार संपवला. मला वाटलं, आता हा खचेल. पट्टी सुटल्यावर तो दगडूला घेऊन लोहाराकडे गेला आणि साधा लगाम करवून घेतला. त्यानंतर गावोगावच्या संघांना भेटू लागला. कबड्डी असो, क्रिकेट असो, कर्णधारापुढे उकिडवा बसून एकच मागणं, "जिंकल्यावर जनावर नाचवलं, तर तुमी मिरवणुकीत जायचं न्हाई." कुणी हसायचं. दिंद्रुडला तर कबड्डीच्या पोरांनी त्याला धक्के मारून मैदानाबाहेर काढलं. धूळ झटकून तो मला म्हणाला, "पुन्हा येऊ. आज हरलेत, तापलेत."

आता तो परराज्यात पोरांना कॅचिंग शिकवतो. जायच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून त्यानं डावा हात हलवला.

परवा दिंद्रुडचा तोच कबड्डी संघ जिंकला, तेव्हा मी तिथंच होतो. घोडी सजून मैदानाच्या दारात आली होती, डीजे तयार होता. कर्णधारानं घोडी बाजूला घ्यायला लावली आणि संघ पायी निघाला. पुढारी चिडले, थोडी ढकलाढकलीही झाली, पण पोरं चालत राहिली. मी तिथूनच कॅचरला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घोडीला पाणी पाजलं का रं कुणी?"

मी पाहिलंच नव्हतं. फोन तसाच चालू ठेवून मी गर्दीतून मागे फिरलो.